विस्तार आणि वीण

ॲक्शन प्रकारातल्या व्हिडिओ गेमांविषयी एक वाद गेली अनेक वर्षे धुमसतो आहे. खेळाचे जग कसे असावे? चोहोबाजूंनी खुले, दूरवर पसरलेले, वाटेल तिथून वाटेल तिथे जाऊ देणारे असावे, की आकाराने मर्यादित पण जिथला प्रत्येक जिना आणि प्रत्येक बोळ दुसऱ्या कशाला तरी जोडलेला आहे, असे असावे? पहिल्या प्रकाराला 'ओपन वर्ल्ड' असे नाव रूढ आहे. दुसऱ्याला आम्ही ह्या लेखापुरते 'घट्ट विणीची रचना' म्हणू. बाजाराने निकाल केव्हाच लावून टाकला आहे. मोठा नकाशा म्हणजे मोठा खेळ, आणि मोठा खेळ म्हणजे अधिक स्वातंत्र्य, हे समीकरण आज जाहिरातींत, परीक्षणांत आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यातही सिद्ध झाल्यासारखे वावरते. आम्हांला हे समीकरण मान्य नाही.

साहित्याच्या अध्यापकांनी ह्या भानगडीत का पडावे, असे काही सहकारी विचारतील. उत्तर सोपे आहे. हा वाद आकृतिबंधाचा आहे, आणि आकृतिबंधाविषयी बोलण्याची हत्यारे आपल्याच अभ्यासक्रमात पडून आहेत. ती इथे चालवून पाहिली नाहीत, तर ती केवळ परीक्षेपुरती आहेत असे कबूल केल्यासारखे होईल.

एका ठोस उदाहरणापासून सुरुवात करू. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर ह्या संस्थेचा, हिदेताका मियाझाकी ह्यांनी दिग्दर्शित केलेला 'डार्क सोल्स' हा खेळ 2011 साली आला. त्यात सुरुवातीलाच 'फायरलिंक श्राइन' नावाचे एक पडके स्थान लागते. तिथे शेकोटी आहे, दोनचार हताश माणसे आहेत. सबंध खेळात घर म्हणावे असे काही असेल तर ते हेच. इथून निघून खेळणारा 'अनडेड बर्ग' ह्या उजाड वस्तीत चढत जातो. तिथे तो वारंवार मरतो, वाटा पाठ करतो, पुलावरच्या ड्रॅगनला चुकवतो आणि बऱ्याच तासांनी वरच्या एका चर्चमध्ये पोचतो. घर आता फार मागे राहिले, अशी त्याची खात्री झालेली असते. त्या चर्चमध्ये एक लिफ्ट आहे. तीत उभे राहिले की ती खाली जाऊ लागते, आणि दार उघडते ते थेट फायरलिंक श्राइनजवळ.

ही लिफ्ट म्हणजे केवळ जवळची वाट नव्हे. त्या एका क्षणात मागच्या सगळ्या तासांचा अर्थ बदलतो. आपण दूर चाललो आहोत असे वाटत होते, प्रत्यक्षात आपण घराच्या डोक्यावर चढत होतो. ॲरिस्टॉटलने कथानकातल्या अभिज्ञानाविषयी, म्हणजे अज्ञानातून ज्ञानाकडे होणाऱ्या संक्रमणाविषयी जे लिहिले, ते इथे पात्राच्या ओळखीऐवजी जागेच्या ओळखीतून घडते. आणि हे एका शब्दाविना घडते. कोणी पात्र येऊन 'पाहा, सारे कसे जोडलेले आहे' असे सांगत नाही. जिन्यांनी आणि भिंतींनी केलेले हे कथन आहे.

हे शक्य का होते? रचनाकाराला खेळणाऱ्याचा क्रम पुष्कळ अंशी ठाऊक असतो म्हणून. लिफ्टपाशी पोचणारा माणूस काय सोसून आला आहे, त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, ह्याचा अंदाज बांधता येतो. त्या अज्ञानावरच लिफ्टचा परिणाम उभा आहे. आता हाच प्रसंग खुल्या जगात घडवून पाहा. जिथे खेळणारा कोणत्याही दिशेने, कोणत्याही वेळी येऊ शकतो, तिथे तो काय जाणून येईल हे रचनाकाराला सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक स्थळ स्वयंपूर्ण करावे लागते. आधीचे न पाहिलेल्यालाही ते कळले पाहिजे, आणि नंतरच्या कशालाही त्याची गरज पडता कामा नये. कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालावी ह्या अटीवर लिहिलेल्या कादंबरीची प्रकरणे जशी एकमेकांना काहीच देणे लागत नाहीत, तशी ही स्थळे असतात. क्रमाचे स्वातंत्र्य मिळते, पण क्रमाला काही अर्थ असण्याची शक्यता त्याच सौद्यात विकली जाते. ह्या सौद्याची किंमत जाहिरातीत कधीच छापलेली नसते, ही आमची पहिली तक्रार.

दुसरी तक्रार आकाराविषयी आहे. सुंदर वस्तूला विशिष्ट आकारमान असावे लागते, असे ॲरिस्टॉटल 'काव्यशास्त्रा'त म्हणतो. दहा हजार स्टेडिया लांबीचा एखादा प्राणी असला, तर तो सुंदर दिसणार नाही. कारण तो एका नजरेत मावत नाही आणि पाहणाऱ्याला त्याच्या एकसंधतेचा प्रत्यय येत नाही. त्याचप्रमाणे कथानकाची लांबी स्मृतीत सामावेल एवढी हवी. आपण हा उतारा वर्षानुवर्षे शिकवतो आणि बहुधा शोकांतिकेपुरताच ठेवतो. वास्तविक खुल्या जगाचे ह्याहून नेमके वर्णन दुसरे नाही. तो दहा हजार स्टेडियांचा प्राणीच आहे.

आणि स्मृतीत मावत नाही म्हणून नकाशा येतो. 'डार्क सोल्स'मध्ये नकाशा नाही. खेळणाऱ्याची स्मृती हाच नकाशा; ती तयार करणे हाच खेळाचा मोठा भाग. खुल्या जगाच्या खेळात मात्र डोळे पडद्यावरच्या जगाऐवजी कोपऱ्यातल्या खुणांवर खिळतात. युबिसॉफ्टचा 'असॅसिन्स क्रीड' 2007 साली आला. त्यात उंच मनोऱ्यांवर चढले की आसपासच्या प्रदेशाच्या खुणा नकाशावर उमटतात. त्या प्रदेशांत विखुरलेले झेंडे गोळा करण्याचे एक काम आहे. झेंडे किती? 420. मराठी वाचकाला ह्या आकड्यावर भाष्य नको. ते सगळे गोळा करून कथेत काय फरक पडतो? काहीही नाही. जागा मोठी केली, ती भरायला अर्थ पुरला नाही, म्हणून झेंडे टोचले. ह्याला विस्तार म्हणायचे की पाणी घालून वाढवलेली आमटी?

आता प्रतिपक्षाकडे वळू, कारण तो दुबळा नाही. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (2017) ह्या निंटेंडोच्या खेळाचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो योग्यच आहे. तिथे मनोऱ्यावर चढल्यावर केवळ भूरूप दिसते, खुणा खेळणाऱ्याने स्वतः दुरून पाहून करायच्या असतात. डोंगर दिसतो, म्हणून चढावासा वाटतो. पाऊस आला की कडा निसरडा होतो. भटकण्याचा हा आनंद खराच आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण भटकण्याचा आनंद आणि रचनेचा आनंद एक नव्हेत. पहिला माळरानावरही मिळतो. दुसऱ्यासाठी कोणीतरी काहीतरी रचावे लागते. शिवाय त्या खेळाच्या कर्त्यांनाही स्वतःच्या विस्ताराची थट्टा करावीशी वाटली आहे. त्यात कोरोक नावाच्या जीवांच्या 900 बिया लपवलेल्या आहेत. सगळ्या शोधणाऱ्याला अखेर मिळते ती विष्ठेच्या आकाराची एक सोनेरी वस्तू. आम्हांला ती थट्टा प्रामाणिक वाटते. संग्रहाची हाव कुठे नेते, ते निदान तिथे स्पष्ट दाखवले आहे.

दुसरा दाखला अधिक अडचणीचा, कारण तो आमच्याच उदाहरणाच्या घरातला. मियाझाकींनीच 2022 साली 'एल्डन रिंग' केला. तो खुल्या जगाचा आहे, आणि वर्षभरात त्याच्या 2 कोटींहून अधिक प्रती खपल्या. मग घट्ट विणीच्या कर्त्यानेच ती सोडली, तर आम्ही कोणासाठी भांडतो आहोत? खपाचे उत्तर साहित्याच्या अध्यापकांना द्यावे लागू नये. खपावरून कादंबऱ्यांचे मोल ठरवायचे तर आपले निम्मे अभ्यासक्रम गुंडाळावे लागतील. खरा प्रश्न हा की, त्या खेळात उत्तम काय आहे? आमच्या मते स्टॉर्मव्हेल किल्ला. पुढच्या दाराने जावे की बाजूच्या कड्यावरून, छपरांवरून कुठे उतरता येते, कोणते दार आतूनच उघडते, हे सारे त्या किल्ल्यात पूर्वीच्याच कसोशीने विणलेले आहे. म्हणजे खुल्या जगातही लक्षात राहतो तो बंदिस्त भाग. त्याच्या बाहेर मात्र तळघरातली दफनस्थाने एकाच साच्याची वाटतात, आणि तेच ते प्रतिस्पर्धी नाव किंवा शस्त्र बदलून पुन्हा भेटतात. हा कर्त्याच्या प्रतिभेचा दोष नव्हे. एवढी जमीन एवढ्या कसोशीने विणायला कोणाचेच आयुष्य पुरणार नाही.

घराचेच पाहा. 'एल्डन रिंग'मधले 'राउंडटेबल होल्ड' हे विसाव्याचे ठिकाण नकाशाच्या एका कोपऱ्यात वेगळे काढलेले आहे. तिथे पायी जाण्याची वाट नाही. एक कळ दाबायची आणि पोचायचे. उलट 'डार्क सोल्स'मध्ये, चर्चमधल्या कोठडीत अडकलेल्या लॉट्रेकला दया येऊन सोडवले, तर तो पुढे फायरलिंक श्राइनच्या अग्निरक्षिकेचा खून करतो आणि घरातली शेकोटी विझते. त्या विझलेल्या शेकोटीपाशी आपण थकूनभागून, पायी आलेलो असतो. म्हणून ती विझणे लागते. 'राउंडटेबल होल्ड'लाही पुढे आग लागते, आणि तो प्रसंग हृद्य आहे हे खरे. पण जिथे आपण कधी चालत गेलो नाही, ते घर जळताना पावलांना काही आठवत नाही.

'डार्क सोल्स'ला आम्ही देव्हाऱ्यात बसवत नाही. त्याचा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या तोडीचा नाही, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. पण तो सैल कुठे पडतो ते पाहण्यासारखे आहे. 'ॲनॉर लोंडो'मध्ये 'लॉर्डव्हेसल' हाती येते आणि ठरावीक शेकोट्यांपाशी क्षणात जाण्याची सोय होते. तोवर परतीची प्रत्येक वाट पायाखालची होती. त्यानंतर प्रदेश टोकांसारखे लोंबू लागतात. तिथे जायचे, काम उरकायचे, उडून परतायचे. वीण सुटली की काय उरते, हे तो खेळ स्वतःच्याच दुसऱ्या भागात दाखवून देतो. आमच्या बाजूचा ह्याहून भक्कम पुरावा आम्हांला माहीत नाही.

मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांची मांडणी केली. ती पटो वा न पटो, तिच्यातून एवढे तरी घ्यावे की, सौंदर्य घटकांच्या संख्येत नसते, त्यांच्यातल्या संबंधांत असते. लिफ्ट आणि शेकोटी ह्यांत संबंध आहे. 419वा आणि 420वा झेंडा ह्यांत केवळ बेरीज आहे.

हा प्रश्न खेळापुरता राहिलेला नाही, म्हणून आम्ही एवढे लिहिले. 'एवढ्या तासांचा ऐवज' हे मोजमाप खेळांच्या परीक्षणांत रुळले आहे. आणि आपल्याकडे 'मोठा पट', 'विशाल कॅनव्हास' ही कादंबरीची प्रशंसा म्हणून, त्या पटावर काय विणले आहे हे न विचारता, सर्रास छापली जाते. दोन्हींमागची वृत्ती एकच. जी कलाकृती आपल्याकडून काही लक्षात ठेवण्याची अपेक्षा करते, ती आपल्याला बुद्धी असलेला सहभागी मानते. जी आपल्यासाठी सगळे नकाशावर नोंदवून ठेवते आणि कुठेही जा म्हणते, ती आपल्याला गिऱ्हाईक मानते; आणि ह्या वागणुकीला स्वातंत्र्य हे नाव देते. वर्गात बसलेली मुले हे खेळ खेळतात. त्यांना खेळू नका असे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. मात्र 'किती मोठा आहे?' ह्या प्रश्नाआधी 'काय कशाला जोडलेले आहे?' हा प्रश्न विचारायला त्यांना शिकवणे हे आपले काम आहे, आणि ते आपण आपल्या कादंबऱ्यांपासून सुरू करू शकतो.