कोरड्या हवेचे अर्थकारण

यंत्रयुगाचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा मोठ्या यंत्रांचा. वाफेचे इंजिन, विजेचे जनित्र, विमान यांना त्यात मानाची पाने मिळतात. त्यांच्या पाठीशी उभी असणारी उपयंत्रे मात्र तळटीपेतही क्वचितच येतात. दाबाखालील हवेतील ओलावा काढून टाकणारे यंत्र, ज्याला कारखान्यात नुसते ‘ड्रायर’ म्हणतात, हे अशांपैकीच एक. २०२१ नंतर हे उपयंत्र कारखान्याची हद्द ओलांडून रुग्णालयांच्या आवारात येऊन बसले आहे. त्यामुळे त्याचा विचार केवळ अभियंत्यांवर सोपवून आता चालणार नाही.

हवा कोरडी करण्याची गरज का पडते, हे आधी पाहिले पाहिजे. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. मुंबई-कोकणातील पावसाळी हवा या स्थितीपासून फारशी दूर नसते. कॉम्प्रेसर ही हवा सात-आठ पट लहान जागेत कोंबतो. हवा आकसते, पण तिच्यातील पाणी तेवढेच राहते. आणि दाबलेली हवा निवू लागली की ते नळांमध्ये उतरते. मग नळ गंजतात, झडपा अडकतात, फवाऱ्याने दिलेल्या रंगाला फोड येतात.

यावर दोन उपाय निघाले. पहिला उपाय प्रशीतनाचा. जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात मद्यनिर्मितीसाठी शीतयंत्रे सिद्ध केली. त्याच जातीचे छोटे यंत्र हवेच्या वाटेवर बसवून ती सुमारे ३ अंशांपर्यंत थंड केली, म्हणजे बहुतेक पाणी तेथेच गळून पडते. शून्याखाली मात्र जाता येत नाही, कारण मग बर्फ साचून वाटच बंद होते. दुसरा उपाय शोषक पदार्थांचा. सिलिका जेल किंवा तत्सम पदार्थ पाणी धरून ठेवतात, परंतु ते भरले की त्यांना तापवून पुन्हा कोरडे करावे लागे. अमेरिकेत चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांनी हे तापवणेच टाळले. दोन टाक्या घ्यायच्या. एकीत दाबाखाली हवा कोरडी करायची आणि त्याच वेळी दुसरीतील दाब उतरवून थोड्या कोरड्या हवेने तिला धुऊन काढायचे. काही मिनिटांनी दोघींच्या भूमिका बदलायच्या. या पद्धतीचे पेटंट त्यांना १९६० साली मिळाले.

या शोधाचा खरा विस्तार पुढे झाला. टाकीत शोषक म्हणून झिओलाइट भरले, तर ते हवेतील नायट्रोजन धरून ठेवते आणि बाहेर पडणाऱ्या वायूत प्राणवायूचे प्रमाण सुमारे ९३ टक्क्यांपर्यंत जाते. हवा कोरडी करण्याच्या खटपटीतून पुढे आलेले हे तत्त्व अशा रीतीने प्राणवायूनिर्मितीचे तत्त्व झाले. कोविडच्या काळात देशभर उभारलेली ‘पीएसए’ संयंत्रे याच तत्त्वावर चालतात.

त्या काळाचे विस्मरण होणे परवडणारे नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. पुरवठा तुटल्यावर रुग्णापाशी किती मिनिटे उरतात, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. पुढील काही महिन्यांत केवळ पीएम केअर्स निधीतून हजाराहून अधिक संयंत्रे देशात कार्यान्वित झाली. उभारणीचा हा वेग निःसंशय वाखाणण्याजोगा होता. प्रश्न आहे तो त्यानंतरचा.

झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याचे आकर्षण अधिक. एकदा शिरलेले पाणी केवळ दाब उतरवून सहजी बाहेर पडत नाही. म्हणून संयंत्रात झिओलाइटच्या आधी प्रशीतनाचा ड्रायर असतो आणि साऱ्या यंत्रणेचे आयुष्य त्याच्यावर अवलंबून असते. त्याची निचऱ्याची लहानशी झडप तुंबली, किंवा उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर धुळीचा थर बसला, की ओलावा पुढे सरकतो. संयंत्र बंद पडत नाही; आवाज तोच राहतो, विजेचे देयकही येत राहते. खालावत जाते ती प्राणवायूची शुद्धता. किरकोळ किमतीच्या झडपेची हेळसांड लक्षावधी रुपयांचे शोषक निकामी करते.

येथे प्रश्न अभियांत्रिकीचा उरत नाही, तो सार्वजनिक अर्थव्यवहाराचा होतो. आपल्या हिशेबात संयंत्राची खरेदी हा भांडवली खर्च आणि त्याची देखभाल हा महसुली खर्च. पहिल्याला उद्घाटन असते, कोनशिला असते. दुसऱ्याला असते ती केवळ काटकसरीची कात्री. जानेवारी २०२१ मध्ये पीएम केअर्स निधीतून पहिल्या १६२ संयंत्रांसाठी २०१.५८ कोटी रुपये मंजूर झाले, तेव्हा त्यांपैकी ६४.२५ कोटी, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश, देखभाल करारासाठी राखले होते. तीन वर्षे हमीची, पुढील सात वर्षे कराराची आणि त्यानंतरचा सारा भार रुग्णालयांचा व राज्यांचा, अशी ती योजना होती. खरेदीच्या दिवशीच देखभालीची किंमत मांडण्याचे हे तत्त्व आदर्श मानावे लागेल. पुढे दुसऱ्या लाटेच्या धांदलीत ज्या ज्या निधीतून आणि देणग्यांतून संयंत्रे उभी राहिली, त्या प्रत्येकाने हे पथ्य पाळले आहे काय, याचा लेखाजोखा जनतेसमोर आला पाहिजे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, साथ ओसरली आहे, द्रवरूप प्राणवायू टँकरने मिळतो आणि मोठ्या प्रमाणावर तो स्वस्तही पडतो. मग संयंत्रांवर खर्च कशाला? आक्षेपात तथ्य आहे. जेथे टँकर खात्रीने पोहोचतो, तेथील संयंत्र चालवणे तोट्याचे ठरत असेल, तर ते गरज असलेल्या ठिकाणी हलवण्याचा निर्णय उघडपणे घ्यावा. परंतु गडचिरोली वा नंदुरबारच्या दुर्गम भागात पावसाळ्यात रस्ता बंद झाला, तर आवारातील संयंत्र हाच आधार असतो. त्याच्या देखभालीचा खर्च हा विम्याच्या हप्त्यासारखा आहे. अपघात झाला नाही म्हणून हप्ता वाया गेला, असे कोणताही शहाणा कुटुंबप्रमुख म्हणत नाही.

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. प्रत्येक संयंत्राच्या देखभालीची तरतूद अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी आणि ती अन्यत्र वळवण्यास मनाई असावी. ड्रायरमधून निघणाऱ्या हवेचा दवबिंदू व प्राणवायूची शुद्धता यांची रोज नोंद व्हावी. डिसेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये झाल्या तशा रंगीत तालमींत यंत्र सुरू होते एवढे पाहून समाधान मानू नये. आणि मनुष्यबळाचे म्हणाल, तर ड्रायर हे मुळात शीतयंत्रच आहे. आपल्या आयटीआयमधून प्रशीतन व वातानुकूलनाचे शिक्षण घेतलेले तरुण बाहेर पडतात. त्यांना थोडे अधिक प्रशिक्षण देऊन तालुक्या-तालुक्यांतील संयंत्रांची जबाबदारी सोपवता येईल.

स्कारस्ट्रॉम यांच्या युक्तीत एक टाकी काम करीत असताना दुसरी पुढील कामासाठी सज्ज होत असते. साथ नसलेली वर्षे ही रुग्णालयांसाठी अशीच सज्ज होण्याची वर्षे आहेत. ती नुसतीच निघून गेली, तर पुढच्या साथीत संयंत्रे असतील, पण प्राणवायू असेलच असे नाही.