शिकायला गेला की फिरायला?

गेल्या रविवारी वंदना आटोपून आम्ही विहाराबाहेर चपला शोधत होतो, तेवढ्यात वस्तीतल्या एक ताई पुढे आल्या. पदरात मोबाईल गुंडाळलेला. तो आमच्यापुढे धरून म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा, ह्ये पोरगं तिकडं शिकायलंय का नुसतं फिरायलंय? लोकं इचारायलेत."

फोटोत त्यांचा मुलगा पॅरिसच्या आयफेल टॉवरपुढे दोन्ही हात पसरून उभा होता. त्याच्या आधीचे फोटोही आम्ही पाहिलेले. लंडनचा तो घड्याळाचा मनोरा, थेम्स नदीवरचा पूल, लाल बस. हा मुलगा म्हणजे आमच्या जालन्याच्या वस्तीतून सातासमुद्रापार गेलेला पहिलाच. वडील रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढे उभे राहतात, आई हंगामात बियाण्याच्या प्लॉटवर रोजंदारीला जाते. पोराने मिलिंद महाविद्यालयातून पदवी घेतली आणि शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनला गेला. आता लोक विचारणारच. एक वडीलधारे गृहस्थ तर चारचौघांत म्हणाले, "बाबासाहेब तिथं दिवसदिवस वाचत बसायचे, अन् ह्यो फोटो काढायलाय!"

आम्ही ताईंना म्हटले, आधी त्यालाच विचारू. संध्याकाळी फोन लावला. वाचकहो, तो फोन सव्वा तास चालला. त्यातले जेवढे छापायला त्याने होकार दिला, तेवढेच लिहीत आहोत.

पॅरिसला तो सुट्टीत गेला. इंग्लंडच्या व्हिसावर फ्रान्समध्ये जाता येत नाही, वेगळा व्हिसा काढावा लागतो. त्याची फी 90 युरो. ते पैसे त्याने चार महिने बाजूला टाकले, रात्रीच्या बसने गेला आणि टॉवरवर लिफ्टचे तिकीट महाग म्हणून 674 पायऱ्या चढून दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचला. वडिलांनी मध्येच फोन हातात घेतला आणि एकच प्रश्न केला, "लोखंड किती टन असंल रं?" पोराला पाठ होते. 7,300 टन. सन 1889 मध्ये उभा राहिला, जोडायला 25 लाख रिबिटा लागल्या. "अन् गंजत नाही?" तर साधारण सात वर्षांनी पुन्हा रंगवतात, एका वेळी 60 टन रंग लागतो. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्याचे आयुष्य तापल्या लोखंडाच्या सळया ओढण्यात गेले, त्याला त्या टॉवरचे जे कळले ते आम्हा कारकुनाला कळणे कठीण.

मग त्याने ब्रिटिश म्युझियमचे सांगितले. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, म्हणून पहिल्या महिन्यात तो दर रविवारी तिथेच जायचा. एका दालनात अमरावतीच्या महास्तूपाचे कोरीव दगड मांडले आहेत. ही आपली वऱ्हाडातली अमरावती नव्हे, कृष्णाकाठची, आंध्रातली. इंग्रजांनी ते दगड उचलून बोटीने नेले. 1859 साली ते लंडनला पोहोचले आणि 1880 पासून या म्युझियममध्ये आहेत. त्यांतल्या जुन्या शिल्पांत बुद्धाची मूर्ती नाही. पावलांचे ठसे, बोधिवृक्ष, रिकामे आसन. पोरगा म्हणाला, "मामा, मी तिथं उभा राहिलो अन् मला एकदम घरचं आठवलं."

त्याच इमारतीच्या मधोमध घुमटाखाली वाचनाची गोल खोली आहे, 1857 सालची. बाबासाहेब बसायचे ती हीच. पुढे 1990 नंतरच्या दशकाअखेरीस ग्रंथालय दुसऱ्या इमारतीत गेले, पण खोली तिथेच आहे.

बाबासाहेब प्रथम लंडनला पोहोचले 1916 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कहून. पहिले महायुद्ध चालू होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके समुद्रात बुडाली. 1920 मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढी शिदोरी होती. तेव्हा पौंडाला साधारण पंधरा रुपये पडत, आज शंभराच्या वर. रुपयाच्या प्रश्नावरच त्यांनी प्रबंध लिहिला, तो 1923 मध्ये पुस्तकरूपाने आला. (आम्ही बी.कॉम.ला असताना कोणत्याही प्राध्यापकाने आम्हाला त्याचे नाव सांगितले नव्हते.) 1922 मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव घातले होते. म्हणजे नवे शहर, नवी भाषा, याची त्यांना भीती नव्हती.

पण आम्हाला त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना दुसरीच गोष्ट सांगायची आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात नमूद केले आहे की, युरोप-अमेरिकेत राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, आणि बडोद्याला उतरल्यावर राहायचे कुठे हा प्रश्न पडला तेव्हा ती परत आली. लंडनने त्यांना पदव्या दिल्याच. पण रस्त्याने मान वर करून चालायची सवयही तिथल्या वर्षांत लागली. ती काही ग्रंथालयात बसून लागत नाही, त्यासाठी शहरात हिंडावे लागते. आमचा पोरगा पुण्यात क्लाससाठी खोली शोधत होता तेव्हा तीन घरमालकांनी आडनाव ऐकून खोली आधीच दिल्याचे सांगितले. लंडनच्या मालकिणीने पासपोर्ट पाहिला, अनामत मागितली, बस्स. आडनावाचा अर्थ विचारला तो सामाईक स्वयंपाकघरात, आपल्याच देशातल्या एका विद्यार्थ्याने!

किंग हेन्रीज रोडवरचे 10 नंबरचे घर, जिथे बाबासाहेब 1921-22 मध्ये राहत, तेही त्याने पाहिले. महाराष्ट्र सरकारने ते 2015 साली विकत घेतले. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून तिथल्या पालिकेने स्मारकाला हरकत घेतली होती, ती 2020 मध्ये निकाली निघाली. बाहेर निळी पाटी आहे. तिथला फोटो मात्र त्याने कोणालाच पाठवला नाही. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "मामा, त्या दिवशी तोंड पार उतरलेलं होतं."

मग हळूच कळले. पहिला हप्ता जमा व्हायला उशीर झाला होता. दीड महिना पाव आणि केळी यांवर काढला. हसरे फोटो काढायचे ते आईने काळजी करू नये म्हणून. इकडे ताईंनी त्याच्या तिकिटासाठी कानातले गहाण टाकले आहे, हे त्याला ठाऊक नाही. म्हणजे आजवर नव्हते. हे छापू का, असे आम्ही ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "छापा. त्यानं लपवलं, म्या बी लपवलं, आता फिटलं."

बाबासाहेबांना लंडनच्या खोलीत रात्री भूक असह्य व्हायची, तेव्हा एका परिचिताने दिलेले पापड ते तव्यावर भाजून खात. ताईंना आम्ही हे सांगितले, तर त्या लगेच उठल्याच. पुढच्या महिन्यात संभाजीनगरचा एक विद्यार्थी तिकडे निघणार आहे, त्याच्या बॅगेत किती किलो जागा आहे ते विचारून ठेवा म्हणाल्या. उडदाचे पापड लाटायला सोमवारपासून गल्लीतल्या चार बाया बसल्या आहेत. मुलाला निरोप गेला आहे की आता टॉवरचा नको, ताटाचा फोटो धाड.