थर्मोस्टॅट काढून टाकू नका, बदला

जीप वा ट्रॅक्टर फार तापू लागला की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यावयाचा, ही प्रथा आमच्या मते घातक आहे. त्यावाचून इंजिन पुरेसे तापत नाही. इंधन अधिक जळते, वंगणतेलात गाळ साचतो व सिलिंडर लवकर झिजतात. आज वाचलेले चार पैसे उद्या दुरुस्तीत जातात.

त्यापेक्षा परीक्षा करावी. इंजिन पूर्ण निवल्यावर थर्मोस्टॅट काढून पाण्यात टांगावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशाच्या सुमारास (अनेक इंजिनांत ८२ अंश सेल्सिअस) झडप उघडू लागली पाहिजे, निवताच मिटली पाहिजे. तसे न घडल्यास त्याच अंशाचा नवा थर्मोस्टॅट, नव्या गॅस्केटसह, मेणाची कुपी इंजिनाकडे ठेवून बसवावा. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष करून दाखवावा.