परमुलखातल्या वाघासाठी आपला रुपया



मुलांच्या शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर येत नाही, दवाखान्यात औषध मिळत नाही, आणि सरकारने परदेशातल्या वाघ-हत्तींसाठी पैसा द्यायचा? वस्तीत हा विषय काढला की पहिला सवाल हाच येतो. सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे.

प्रथम अमेरिकेचे उदाहरण घेऊ. हस्तिदंतासाठी आफ्रिकेत हत्तींची बेसुमार कत्तल चालली होती. तेव्हा १९८८ साली अमेरिकेच्या संसदेने आफ्रिकी हत्तींच्या रक्षणाचा कायदा केला व त्यासाठी निधीची सोय केली. पुढे १९९४ साली गेंडा व वाघ, १९९७ साली आशियाई हत्ती, २००० साली गोरिला-चिंपांझी आणि २००४ साली सागरी कासवे यांच्यासाठी असेच कायदे झाले. हत्ती, गेंडा, वाघ हे काही अमेरिकेच्या रानातले प्राणी नव्हेत. तरी तेथील करदात्याचा पैसा हे प्राणी जेथे राहतात त्या देशांत जातो. भारतातल्या हत्ती-वाघांच्या कामालाही त्यातून मदत मिळाली आहे.

मात्र हा पैसा आपोआप मिळत नाही. संसदेने तो दरवर्षी नव्याने मंजूर करावा लागतो. २०२२-२३ च्या सुमारास हे पाचही निधी मिळून वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर मिळत होते. ते मिळावेत म्हणून तेथील नागरिक आपल्या लोकप्रतिनिधींना पत्रे लिहितात, भेटी घेतात. २०११ साली वाघाच्या बछड्याचे चित्र असलेले टपाल तिकीटही निघाले. ते नेहमीपेक्षा थोडे महाग, आणि वरचे पैसे या निधीला. सामान्य माणसाचाही हातभार लागला.

पण राज्यकर्त्यांचे धोरण बदलले की काय होते तेही पाहा. परदेशी मदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ पासून बंद झाली. तिच्यामार्फत आफ्रिकेतल्या वन्यजीवांच्या रक्षणालाही पैसा जात असे. दुसऱ्याच्या तिजोरीवर विसंबून राहता येत नाही, हा यातला धडा.

आता आपल्या घरचे पाहू. प्राण्याला देशाची सीमा कळत नाही. सुंदरबनचे जंगल भारत आणि बांगलादेश दोघांचे आहे. २०२३ साली आपल्या कोकणात, गुहागरच्या किनाऱ्यावर एका कासवीच्या पाठीवर यंत्र बसवून तिला समुद्रात सोडले. तिचे नाव ठेवले बागेश्री. ती पोहत पोहत श्रीलंकेकडे गेली. गुहागरला घरटे राखले आणि पुढच्या समुद्रात तिला कोणी मारले, तर आपली राखण फुकट गेली. म्हणून हे काम देशादेशांनी मिळून करायचे असते.

भारतानेही असे पाऊल टाकले आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूर येथे वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या, चित्ता, जग्वार आणि प्यूमा या सात प्राण्यांसाठी आंतरराष्ट्रीय संघटना सुरू झाली. तिच्यासाठी केंद्र सरकारने २०२३-२४ ते २०२७-२८ या पाच वर्षांकरिता १५० कोटी रुपये मंजूर केले. आपली लोकसंख्या १४० कोटींच्या वर. म्हणजे माणशी साधारण एक रुपया, तोही पाच वर्षांत मिळून! शिष्यवृत्ती अडते ती या रुपयामुळे नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

परक्या मुलखातल्या जीवांसाठी राज्याने खर्च करावा, ही कल्पना आपल्याला नवी नाही. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात सांगितले आहे, की माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन्ही प्रकारच्या उपचारांची सोय त्याने आपल्या राज्यात केलीच, शिवाय चोल, पांड्य, ताम्रपर्णी आणि यवन राजा अंतियोक यांच्या मुलखातही केली. तथागतांच्या करुणेला त्याने राज्याच्या खर्चात जागा दिली. याच अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मुंबईजवळ सोपाऱ्याला सापडले आहेत.

मात्र करुणा वाघापाशी थांबता कामा नये. चंद्रपूर भागात मोहफुले, तेंदूपत्ता, सरपण यांसाठी रानात जाणारी माणसे वाघाच्या हल्ल्यात मरतात. ती गोरगरिबांचीच घरे असतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने बळी घेतला. जंगल राखणारा रोजंदारी मजूर आणि जंगलालगत राहणारा गरीब यांना वगळून वाघ वाचणार नाही. परदेशातही हेच खरे आहे. निधी परिषदांवर आणि पाहुणचारावर संपला, तर तो वाघाच्याही कामाचा नाही आणि माणसाच्याही.

पूज्य बाबासाहेबांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तो १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारचा पैसा कोठून येतो नि कोठे जातो, हे विचारण्याची शिकवण आपल्याला त्यांच्याकडून मिळाली आहे. संविधानाच्या कलम ४८ क ने वन्यजीवांचे रक्षण ही राज्याची जबाबदारी ठरवली, आणि कलम ५१ क ने प्राणिमात्रांविषयी दया हे आपले कर्तव्य सांगितले. तेव्हा हा विषय आपलाही आहे.

म्हणून अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी आपल्या खासदाराला एक पत्र अवश्य लिहावे. त्यात तीन मागण्या कराव्यात. एक, २०२७-२८ नंतरही हा निधी बंद होऊ नये. दोन, त्यातला किती पैसा प्रत्यक्ष पहारा करणाऱ्यांच्या पगार-विम्यापर्यंत आणि जंगलालगतच्या गावांपर्यंत पोचला, याचा हिशेब दरवर्षी संसदेत मांडावा. तीन, २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेला विचारल्याशिवाय वाघाच्या नावाने कोणाचे घर उठवू नये.

पत्र विहारातल्या रविवारच्या बैठकीत लिहावे. मुलांकडून लिहून घेतले तर अधिक चांगले. खाली सर्वांनी सह्या कराव्यात, आणि एक प्रत विहारात जपून ठेवावी. उत्तर आले नाही तर दोन महिन्यांनी तीच प्रत पुढे करून विचारता येते. मत मागायला जो आपल्या दारी येतो, त्याला हिशेब विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

जयभीम!