'विकृती' कोणाची?

शरीररचनेच्या पुस्तकांत प्रत्येक मूत्रपिंडाला एकच धमनी रंगवलेली असते. दुसरी आढळली की तिला 'विकृती' म्हणतात. सुमारे चारांपैकी एका माणसात आढळणारी गोष्ट विकृती कशी? गर्भात मूत्रपिंड ओटीपोटातून वर सरकताना महाधमनीच्या नव्या फांद्या धरते, जुन्या सोडते. एखादी सुटत नाही, इतकेच.

हा वाद केवळ पंडिती नाही. म्हैसूरजवळ टी. नरसीपूरला कावेरी आणि कपिला मिळतात. एकीचे पाणी आटले तरी संगमाखालचे पात्र कोरडे पडत नाही. मूत्रपिंडाच्या धमन्यांत असा संगम नसतो. 'जादा' समजून एक बांधली, की तिच्यावर पोसलेला भाग मरतो. खालच्या टोकाची धमनी बहुधा मूत्रवाहिनीलाही रक्त पुरवते. प्रत्यारोपणात ती गमावल्यास मूत्र गळू लागण्याचा धोका असतो.

दात्याची सी.टी. अँजिओग्राफी हे आधीच दाखवते, असे उत्तर मिळेल. अपघातातील रुग्णाचे पोट मध्यरात्री उघडणाऱ्याला मात्र तेवढी सवड नसते. महाधमनीच्या मागून गेलेली डावी शीर तो पुढे शोधत राहतो, कारण विद्यार्थिदशेत त्याने एकच चित्र पाठ केलेले असते. विच्छेदनगृहात दिसणारे हे भेद नोंदवून त्यांवर परीक्षेत प्रश्न विचारायला आपल्या महाविद्यालयांना कोण अडवते?