चहा नको, भाकरी वाढा!

तुम्ही नांदेड-लातूरकडचे असाल तर वेगळं सांगायला नको. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग चहा. 'चहा घेणार का?' असं कुणी विचारत बसत नाही. थेट आतून 'चहा टाकलाय' अशी ब्रेकिंग न्यूजच येते! आणि माझा प्रॉब्लेम नेमका तिथंच सुरू होतो. कारण मी व्हीगन आहे.

'हे कुठल्या पंथाचं?' असं आमच्या एका लांबच्या मामांनी मला अगदी सीरियसली विचारलं होतं. तर पंथबिंथ काही नाही. व्हेजिटेरियनच्या पुढची पायरी म्हणा. मटण, मासे, अंडी नाहीतच, पण दूध, दही, ताक, तूप, पनीर आणि मधसुद्धा नाही. शब्द तसा आजोबांच्या काळातला. १९४४ मध्ये ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मित्रमंडळींनी 'व्हीगन सोसायटी' काढली, तेव्हा 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाचं डोकं आणि शेपूट जोडून तो तयार झाला. आपल्या एफएसएसएआयनं २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले, पाकिटावर छापायला वेगळा हिरवा लोगोही दिला. पण बॉस, आत्याच्या किचनमध्ये लोगो कुठून आणायचा?

मी व्हीगन का झाले? तीन वर्षांपूर्वी एका फीचरसाठी गोठे फिरत होते. पान्हा फुटेपर्यंत वासराला सोडायचं आणि मग ओढून खुंट्याला बांधायचं. लहानपणापासून शंभर वेळा बघितलेली गोष्ट. त्या दिवशी ती पहिल्यांदा दिसली. बस्स, एवढंच. यापुढे भाषण नाही, प्रॉमिस!

कारण आजचा विषय 'व्हीगन का व्हावं' हा नाहीच. घरात एकटीनं व्हीगन राहणं एकदम सोपं आहे. खरी परीक्षा असते ती चार माणसांत. लग्नात, ऑफिसच्या पार्टीत, मैत्रिणीच्या घरी. त्या परीक्षेत मी सॉलिड आपटले, त्याची ही गोष्ट.

थापांचा सीझन

पहिलं वर्षभर मी सरळ थापा मारल्या. खरं सांगितलं की अर्धा तास डिबेट होते, त्यापेक्षा एक छोटीशी थाप बरी, असा आपला फंडा.

थाप नंबर एक : 'आज उपवास आहे.' वाट लागली! उपवास म्हटल्यावर आत्याचा चेहरा उजळला आणि पुढच्या पाच मिनिटांत ग्लासभर दूध, केळं आणि तुपातली साबुदाण्याची खिचडी समोर हजर. उपवासाला दूध चालतं म्हणे. चालतं काय, पळतं!

थाप नंबर दोन : 'ॲसिडिटी झालीय.' यावर आपल्याकडे घराघरात एकच औषध. थंड दूध.

थाप नंबर तीन : 'डॉक्टरांनी बंद केलंय.' ही थाप नांदेडमध्ये मारायची नाही, हे मी अनुभवानं सांगते. डॉक्टर लेनमधला निम्मा स्टाफ आत्याच्या ओळखीचा. 'कोणत्या डॉक्टरनं? थांब, मी फोन लावते!'

थापांचं एक वाईट असतं. आज कुणाला काय सांगितलं, ते लक्षात ठेवावं लागतं. आत्याला उपवास, शेजारच्या काकूंना ॲसिडिटी, ऑफिसात डाएट. मग एखाद्या बारशाला तिघी एकत्र आल्या, की विषय संपला.

एक कॉफी, एक चहा

पण थापांचं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नाही.

लातूरला एका क्लायंटबरोबर मीटिंग होती. ब्रोशरचं काम, पैसे बरे होते. नांदेडहून एसटीनं तीन-साडेतीन तास हादरत गेले. ते म्हणाले, 'मॅडम, इथली कोल्ड कॉफी एक नंबर असते,' आणि मी काही बोलायच्या आत ऑर्डर गेलीसुद्धा. समोर उंच ग्लास, वर आइस्क्रीमचा गोळा. मी प्यायले. पूर्ण. वर 'मस्त आहे' असंही म्हणाले. काम मिळालं. परतीच्या बसमध्ये मैत्रिणीला फोन करून सगळं रंगवून सांगितलं, दोघी खूप हसलो.

पुढच्याच रविवारी तिच्या घरी गेले. ही माझी कॉलेजपासूनची जिवलग मैत्रीण. दोघी एकाच वर्षी मासकॉम झालो. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो. तिच्या आईनं माझ्यासाठी खास घट्ट दुधाचा, वेलदोडा घातलेला चहा आणला. मी म्हणाले, 'नको मावशी, मी घेत नाही.' एकदम कॉन्फिडन्ट. मनात स्वतःवर खूश, की आज थाप मारली नाही.

मावशी 'बरं' म्हणाल्या आणि ट्रे घेऊन आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्याच नाहीत.

निघताना गेटपाशी मैत्रीण म्हणाली, 'आईला वाटलं, आमच्या घरचं तुला चालत नाही.'

मी हादरलेच. 'अगं, वेडी आहेस का? तुला माहितीय ना मी व्हीगन...'

'मला माहितीय. तिला नाही. तिनं लहानपणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायलंय.' मग थोडं थांबून म्हणाली, 'आणि क्लायंटची कॉफी चालली ना तुला?'

फ्रेंड्स, त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण ज्या राज्यात राहतो तिथं पाण्याच्या ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागला. महाडचं चवदार तळं, २० मार्च १९२७. शाळेत मार्कांपुरतं पाठ केलेलं. पण कुणाच्या घरचं खाणं-पिणं नाकारणं म्हणजे नुसता 'डाएट चॉइस' नसतो, त्याला मागचा फार मोठा इतिहास चिकटलेला असतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि त्याहून जास्त टोचलं ते दुसरं. माझा नियम पैसेवाल्या क्लायंटसमोर गुपचूप वाकला आणि मावशींसमोर ताठ उभा राहिला. याला तत्त्व म्हणतात का?

आजीनं सोडलेलं वांगं

उत्तर सापडलं ते औसा तालुक्यात, मामाच्या शेतात. वेळ अमावस्येला.

बाहेरच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे लातूर-धाराशिवकडची येळवस. डिसेंबरात नाही तर जानेवारीत येते. त्या दिवशी लातूर शहर असं सामसूम होतं, की गंजगोलाईत रस्त्याच्या मधोमध क्रिकेट खेळावं. सगळे शेतात! कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच पांडव मांडून पूजा करायची आणि मग जेवण. हरभरा, तूर, वाटाणा, मेथी, गाजर असं रानातलं मिळेल ते एकत्र करून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. ओळखीचा असो-नसो, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. म्हणजे माझ्यासारखीची कडक परीक्षा, कारण आंबिलीत ताक, खिरीत दूध!

मी धास्तावून बसले होते. शेजारी आजी. आणि समोर काय घडत होतं, ते मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं.

माझी आजी वांगं खात नाही. चाळीस वर्षांपूर्वी काशीला गेली तेव्हा सोडून आली. काशीला जाऊन आवडीचा एक पदार्थ सोडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. मराठवाड्यात राहून वांगं सोडायचं म्हणजे खायची गोष्ट नाही! भरीत गेलं, भरलं वांगं गेलं, निम्म्या पंगती गेल्या. पण चाळीस वर्षांत तिला कुणी 'थोडं घ्या हो' म्हणून छळलेलं मी पाहिलं नाही. भज्जीत वांगी पडायच्या आधी मामी तिच्या वाटीची भज्जी न सांगता बाजूला काढून ठेवते.

शेजारच्या शेतातल्या काकू वांगं घालून केलेली भज्जी वाढायला आल्या. आजी म्हणाली, 'वांगं मी काशीला सोडलं बाई. तुझी शेंगाची चटणी वाढ की, लई बेस असती.' काकू खूश! धावत जाऊन चटणी घेऊन आल्या. थोड्या वेळानं सालगड्याच्या बायकोनं डबा उघडला. आजीचं तेच वाक्य, तोच आवाज. 'वांगं काशीला सोडलं. तुझा उंडा दे मला.' सरपंचाच्या लग्नातही ती हेच म्हणते, मी ऐकलंय.

ट्यूब पेटली! आजीचं वाक्य दोन भागांचं आहे. पहिल्या भागात 'नको', दुसऱ्यात 'हवं'. 'नको' हे पदार्थाला असतं, 'हवं' हे माणसाला. आणि समोर कोण आहे हे बघून वाक्य बदलत नाही. मी मात्र मावशींसमोर निम्मं वाक्य बोलून थांबले होते.

त्याच दुपारी मामीला खरं सांगितलं. तिचा चेहरा पडला. साहजिक आहे. दावणीला देवणी गाय आहे, पोरांच्या शाळेचा खर्च डेअरीला घातलेल्या दुधावर चालतो. 'मग आमचं दूध वाईट व्हय?' या प्रश्नाचं खटकेबाज उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. मी एवढंच म्हणाले, 'मामी, तुझ्या दुधाला नावं नाहीत. मी सगळीकडचंच सोडलंय. तुझी भज्जी मात्र दोनदा घेणार.' ती हसली. पुढच्या येळवशीला माझ्यासाठी तांब्याभर आंबील ताक न घालता, पीठ नुसत्या पाण्यात रात्रभर आंबवून केलेली होती. वर लसूण-जिऱ्याचा ठसका. एक नंबर!

पुन्हा तेच गेट

नांदेडला परतल्यावर पहिला फोन मैत्रिणीला नाही, मावशींना केला. 'मावशी, त्या दिवशी माझं चुकलं. दूध-तूप मी सगळ्यांकडचंच सोडलंय, घरचंसुद्धा. पण रविवारी तुमच्याकडे जेवायला यायचंय. भाकरी आणि येसराची आमटी कराल?'

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, 'अगं, मग त्यात काय अवघड? हे तर आमचं रोजचंच!'

आणि खरंच की! ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, पिठलं, ठेचा, अंबाडीची भाजी, कारळाची आणि जवसाची चटणी, हुरडा. आपलं निम्मं ताट आधीपासूनच व्हीगन आहे, फक्त त्याला इंग्रजी नाव नाही. रविवारी मी तीन भाकरी खाल्ल्या. जेवणानंतर मावशींनी गूळ-आलं घालून कोरा चहा केला. दोन कप. एक मला, एक स्वतःला. माझ्यासोबत बसून प्यायल्या.

आणि हो, लातूरच्या क्लायंटलाही पुढच्या मीटिंगला तेच वाक्य ऐकवलं. 'मी दूध सोडलंय, कोरा चहा चालेल.' ते म्हणाले, 'अहो मॅडम, आधी सांगायचं ना!' संपला विषय. ज्या सीनला मी वर्षभर घाबरत होते, तो दहा सेकंदांत आटोपला.

फंडा बॉक्स : चार माणसांत व्हीगन

आधी फोन करा. ताट समोर आल्यावर 'नको' म्हणणं म्हणजे यजमानाची पंचाईत. आदल्या दिवशी सांगितलं की त्यांचंही टेन्शन जातं.

एकच वाक्य, सगळ्यांना. बॉसला वेगळं आणि घरकामाच्या मावशींना वेगळं, असं नको. आणि 'नको'च्या मागोमाग लगेच काहीतरी आवडीनं मागून घ्या.

पंगतीत डोळे उघडे ठेवा. तूपवाला येतो आणि जातो, कळतसुद्धा नाही! तो दोन पानं अलीकडे असतानाच वरण-भातावर हात आडवा धरा. बुफेत रोटी बटर न लावता मागा.

गुरुद्वारात प्रसाद नाकारू नका. कडाह प्रसादात तूप असतंच. मी तो दोन्ही हातांनी घेते, कपाळाला लावते आणि सोबतच्या मैत्रिणीच्या ओंजळीत देते. लंगरमध्ये रोटी घ्या, डाळीच्या फोडणीचं सेवादाराला हळूच विचारा. सगळे एका ओळीत जमिनीवर बसून एकच जेवण जेवतात, तिथं आपल्या डाएटचं लेक्चर शोभत नाही.

हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो शाकाहाराचा असतो, त्यात दूध चालतं. बिस्किटाच्या पुड्यावरही मागची बारीक अक्षरं वाचा.

सोया दूध घरी करा. लातूरच्या मार्केटात सोयाबीनच्या थप्प्या लागतात आणि आपण महागडी पाकिटं शोधत फिरतो! रात्रभर भिजवा, सालं काढा, वाटा, गाळा आणि पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळा. कच्चं पिऊ नका.

बी-१२ विसरू नका. झाडापानांतून ते भरवशानं मिळत नाही. डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. इथं मात्र 'डॉक्टरांनी सांगितलंय' हे खरं असू द्या!

चुकलात तर? माझ्यासारखी कॉफी प्यायलात तर उद्यापासून पुन्हा सुरू. पण कुणाचं मन मोडलं असेल, तर आधी तिथं जाऊन या. तेवढं उद्यावर टाकू नका.

चला, आत्याकडून हाक आलीय. 'चहा टाकलाय गं!' टाका ना. माझा तेवढा कोरा!