वाय-फायचा डबा ठणठणीत, पण कंपनी म्हणते 'आता बदला'! थर्ड पार्टी मेंटेनन्सचं गणित नेमकं काय आहे?

ऑफिस, कॉलेज किंवा हॉस्पिटलच्या छताला चिकटलेला, एक छोटा दिवा लागलेला पांढरा डबा तुम्ही पाहिलाच असेल. त्याला म्हणतात ऍक्सेस पॉइंट. घरी एका राउटरवर भागतं, पण मोठ्या इमारतीत असे शेकडो डबे लागतात. त्या सगळ्यांचा कारभार पाहणारं एक मुख्य यंत्र असतं, ते म्हणजे कंट्रोलर. एकदा बसवलं की सात-आठ वर्षं तिकडे कुणाचं लक्षही जात नाही.

मग एक दिवस आयटी विभागाच्या मेलवर कंपनीची सूचना येते: हे मॉडेल आता बंद होतंय, अमुक तारखेनंतर सपोर्ट मिळणार नाही. डबा तर नीट चालतोय. नवीन घ्यायचं म्हटलं तर डब्यांसोबत कंट्रोलर, स्विच, लायसन्स असं सगळंच बदलावं लागतं. आणि त्याच वेळी दुसरी एक कंपनी येऊन सांगते, "कशाला बदलता? आम्ही सांभाळतो, निम्म्या पैशात."

हाच तो थर्ड पार्टी मेंटेनन्सचा धंदा. त्यात पैसे खरंच वाचतात का? आणि वाचलेच तर कशाच्या बदल्यात?

हा विषय आत्ताच का?

कारण या बाजारातले मोठे खेळाडू कमी होत चाललेत. एचपीई कंपनीनं २०१५ मध्ये 'अरुबा' ही वाय-फाय कंपनी घेतली होती. जुलै २०२५ मध्ये त्यांनी सुमारे १४ अब्ज डॉलर मोजून 'ज्युनिपर' ही त्याच क्षेत्रातली दुसरी मोठी कंपनीही ताब्यात घेतली. हा व्यवहार थांबवण्यासाठी अमेरिकेचा न्याय विभाग जानेवारी २०२५ मध्ये कोर्टात गेला होता. त्याचा मुद्दा असा होता, की हे झालं तर एचपीई आणि सिस्को या दोघांकडेच अमेरिकेतला कार्यालयीन वाय-फायचा ७० टक्क्यांहून जास्त बाजार जाईल. शेवटी तडजोड झाली आणि व्यवहार पार पडला.

हे झालं अमेरिकेतलं. पण याच कंपन्यांचे डबे आपल्याकडच्या छतांवरही आहेत. दोन कंपन्या एक झाल्या की ग्राहकांना पहिली धाकधूक असते ती आपल्याकडचं मॉडेल पुढे चालू राहणार की बंद होणार याची.

'एंड ऑफ सपोर्ट' म्हणजे काय?

यंत्राच्या आयुष्यात दोन तारखा महत्त्वाच्या असतात. पहिली 'एंड ऑफ सेल', म्हणजे विक्री थांबते. दुसरी 'एंड ऑफ सपोर्ट', म्हणजे मदतही थांबते. सिस्कोच्या धोरणानुसार साधारणपणे या दोन तारखांमध्ये पाच वर्षांचं अंतर असतं.

दुसरी तारीख उलटली की तीन गोष्टी बंद होतात: बिघडलेल्या यंत्राच्या बदली दुसरं यंत्र, अडचण आली तर कंपनीचा इंजिनिअर, आणि सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींवरची दुरुस्ती, म्हणजेच पॅच. या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पुढचं सगळं गणित यावरच आहे.

थर्ड पार्टी मेंटेनन्सवाले काय देतात?

गाडीची वॉरंटी संपली की आपण शोरूम सोडून ओळखीच्या मेकॅनिककडे जातो. हेही बरंचसं तसंच. पार्क प्लेस, सर्व्हिस एक्सप्रेस, एव्हरनेक्स अशा कंपन्या जगभर हे काम करतात. आपल्याकडे ऑफिसांचे 'एएमसी' घेणारे छोटे व्यावसायिकही यातलाच एक भाग सांभाळतात.

ते जुनी, वापरलेली यंत्रं विकत घेतात, तपासतात आणि गोदामात ठेवतात. तुमचा डबा बंद पडला की ठरलेल्या मुदतीत दुसरा आणून बसवतात. सिस्को, अरुबा, रकस अशा वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकाच करारात सांभाळला जातो, ही आणखी एक सोय.

हे स्वस्त पडतं, कारण त्यांना नवीन यंत्र बनवायचं नसतं आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या इंजिनिअरांचा पगारही द्यायचा नसतो. शिवाय छतावरच्या डब्यात पंखा नाही, फिरणारा भाग नाही. तो सहसा लवकर मरत नाही. कुरकुरतात ते कंट्रोलरचे पंखे, पॉवर सप्लाय आणि या डब्यांना वीज पुरवणारे स्विच. म्हणजे यंत्र बदलून देणं आणि इंजिनिअरची मदत, या पहिल्या दोन गोष्टी थर्ड पार्टीकडून बऱ्यापैकी मिळू शकतात.

खरा अडसर तिसऱ्या गोष्टीचा आहे.

पॅच नसला तर बिघडतं काय?

ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या केयू ल्युवेन विद्यापीठातले संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी 'क्रॅक' नावाची त्रुटी जगासमोर आणली. ती कुठल्या एका कंपनीच्या मालात नव्हती. तेव्हा जवळपास सगळं जग वापरत असलेल्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षा पद्धतीतच ती होती. पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी उपयोग नव्हता. मोबाइल असो वा छतावरचा डबा, इलाज एकच होता: कंपनीनं दिलेला पॅच टाकणं. मे २०२१ मध्ये याच संशोधकानं 'फ्रॅगअटॅक्स' नावाच्या आणखी काही त्रुटी उघड केल्या. त्यातल्या काही तर वाय-फायच्या अगदी सुरुवातीच्या काळापासूनच्या होत्या.

ज्यांचा सपोर्ट चालू होता त्यांना पॅच मिळण्याची सोय होती. ज्यांचा संपला होता त्यांचे डबे त्रुटीसकट चालत राहण्याचीच शक्यता जास्त. आणि चालत राहतात म्हणून कुणाला कळतही नाही.

सपोर्ट संपलेली यंत्रं हल्लेखोरांना आवडतात, ती याचमुळे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी सरकारनं 'व्होल्ट टायफून' या चीनशी संबंधित हॅकर गटाचं एक जाळं मोडून काढल्याचं जाहीर केलं. त्यात कब्जा केलेले बहुतेक राउटर सिस्को आणि नेटगिअरचे, आयुष्य संपलेले आणि पॅच बंद झालेले होते. ते छोट्या ऑफिसांतले आणि घरांतले राउटर होते, मोठ्या संस्थांचे नव्हेत. पण पॅच बंद झालेलं यंत्र कुठेही असलं तरी दुबळेपण तेच.

डबा चांगला, पण आतलं प्रमाणपत्र संपलं

सिस्कोच्या जुन्या ऍक्सेस पॉइंटचं उदाहरण तर भलतंच बोलकं आहे. डबा आणि कंट्रोलर एकमेकांना ओळखतात ते कारखान्यात टाकलेल्या डिजिटल प्रमाणपत्रावरून. सिस्कोच्या अनेक जुन्या मॉडेलमध्ये त्याची मुदत दहा वर्षं होती. मुदत संपली की धडधाकट डब्यालाही कंट्रोलर ओळख देत नाही. त्यावर तोडगा म्हणून ही मुदत तपासू नकोस, असं कंट्रोलरला सांगायची सोय सिस्कोनं नंतर दिली.

दुसरा प्रसंग ४ डिसेंबर २०२२ चा. त्या दिवशी एअरोनेट मालिकेतल्या बऱ्याच जुन्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरवर सही करणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली. चालू असलेले डबे चालत राहिले. पण ज्या डब्यावर सॉफ्टवेअर नव्यानं टाकायची वेळ आली, तो डाउनलोडमध्येच अडकून बसू लागला. सिस्कोनं सुधारित सॉफ्टवेअर दिलं. तात्पुरता उपाय होता कंट्रोलरचं घड्याळ ४ डिसेंबरच्या मागे नेऊन ठेवण्याचा!

आता थर्ड पार्टीच्या बाजूनं विचार करा. गोदामातून काढलेला बदली डबा बसवताना त्यावर कंट्रोलरच्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, आणि नेमका तिथेच तो अडकणार. म्हणजे सुटा भाग हातात असूनही दुरुस्ती होईलच असं नाही.

मग थर्ड पार्टीनंच पॅच का देऊ नये?

कारण सॉफ्टवेअर मूळ कंपनीच्या मालकीचं असतं. तुम्ही डबा विकत घेता, आतल्या सॉफ्टवेअरचा मात्र फक्त वापरण्याचा परवाना मिळतो.

सर्व्हरच्या क्षेत्रात यावर मोठी लढाई झाली आहे. 'टेरिक्स' ही थर्ड पार्टी कंपनी ओरॅकलच्या सोलारिस या सॉफ्टवेअरचे पॅच ग्राहकांना परवानगीशिवाय देत होती. २०१५ मध्ये तिच्याविरुद्ध ५ कोटी ७७ लाख डॉलरचा निकाल लागला. टेरिक्सला हाताशी धरून ग्राहकांना सेवा दिल्याबद्दल जून २०२२ मध्ये ज्युरीनं आणखी एका कंपनीला ३ कोटी डॉलर द्यायला सांगितले. ती कंपनी कोण? तर वर जिचं नाव आलं तीच, एचपीई.

म्हणून कुणी "पॅचसुद्धा आम्हीच देतो" असं म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारायचा: कुठून आणणार?

सुटे भाग अस्सल असतील याची खात्री काय?

हा दुसरा धोका. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका व्यापाऱ्याला मे २०२४ मध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. चीन आणि हाँगकाँगमधून आणलेली बनावट सिस्को उपकरणं त्यानं वर्षानुवर्षं विकली होती. तो माल हॉस्पिटल, शाळा आणि अगदी लष्करापर्यंत पोचला होता. जुन्या मालाच्या बाजारात अस्सल आणि नक्कल नुसतं पाहून ओळखता येत नाही. त्यामुळे सिरियल नंबर आणि तपासणीचा कागद मागून घेणं हा तुमचा हक्क आहे.

भारतातल्या संस्थांसाठी यात काय?

एक गोष्ट थर्ड पार्टीच्या बाजूची. वाय-फाय ६-ई आणि वाय-फाय ७ चं मोठं आकर्षण म्हणजे ६ गीगाहर्ट्झचा मोकळा पट्टा. अमेरिकेनं तो २०२० मध्येच खुला केला. भारतात त्याच्या खालच्या भागासाठी मसुदा नियम आले ते मे २०२५ मध्ये. मधल्या काळात घाईनं महागडी यंत्रं घेणाऱ्याला त्या पट्ट्याचा फायदा मिळणार नव्हता. अशा वेळी जुनं आणखी एक-दोन वर्षं चालवणं हा शहाणपणाचा हिशेब ठरू शकतो. ई-कचरा कमी होतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट मात्र विरुद्ध बाजूची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. उद्या रुग्णांची माहिती फुटली तर "पॅच बंद झाला होता, पण एएमसी चालू होती" हे उत्तर किती टिकेल?

आणि दुरुस्तीचा हक्क, म्हणजे 'राइट टू रिपेअर'? केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. पण भर होता शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं या चार क्षेत्रांवर. छतावरचा डबा त्यात नाही. शिवाय व्यावसायिक कारणासाठी खरेदी करणारी संस्था ग्राहक संरक्षण कायद्यात साधारणपणे 'ग्राहक' धरली जात नाही. थोडक्यात, घासाघीस करायची ती खरेदीच्या वेळीच.

पुढे हा पर्याय राहील का?

दिवसेंदिवस कमी होत जाईल असं दिसतंय. कारण आता बरीच यंत्रं क्लाउडवरून चालतात. सिस्कोच्याच 'मेराकी' मालिकेच्या पारंपरिक लायसन्स पद्धतीत मुदत संपली आणि ३० दिवसांची सवलतही उलटली, की तुमच्या मालकीचा, न बिघडलेला डबा काम करणं थांबवतो. तिथे बाहेरचा मेकॅनिक काय करणार? स्क्रू फिरवून लायसन्स मिळत नाही.

मग करार करायचा की नाही?

एकच उत्तर सगळ्या यंत्रांना लावायचं नाही. आतल्या नेटवर्कमधले साधे स्विच आणि पॉवर सप्लाय यांच्यासाठी थर्ड पार्टी बऱ्यापैकी सुरक्षित पर्याय आहे. ज्या ऍक्सेस पॉइंटचा पॅच अजून चालू आहे, त्यांच्यासाठीही हरकत नाही. पण आधी मूळ वॉरंटी तपासा. काही कंपन्या इनडोअर मॉडेलवर मर्यादित आजीवन वॉरंटी देतात. जे फुकट मिळतंय त्यासाठी पुन्हा पैसे कशाला? थेट इंटरनेटला लागलेलं किंवा लॉग-इन तपासणारं यंत्र मात्र पॅचशिवाय चालवू नये, मग करार कितीही स्वस्त असो.

मधल्या काळासाठी जुनं ठेवायचंच असेल तर ते वेगळं ठेवा. पाहुण्यांचं वाय-फाय, कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप आणि वैद्यकीय यंत्रं एकाच नेटवर्कवर नकोत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे ओपीडीचं काम कागदावर आलं. त्याचं कारण सांगताना सरकारनं संसदेत नेटवर्कची नीट विभागणी नसल्याचंच म्हटलं होतं. विभागणी करायला नवा डबा लागतोच असं नाही, करणारा माणूस लागतो.

आणि करारावर सही करण्याआधी बदलीची तारीख ठरवा. थर्ड पार्टी मेंटेनन्समुळे वेळ विकत मिळतो. तो वेळ नव्या खरेदीसाठी पैसे बाजूला काढण्यात गेला तर सौदा फायद्याचा. नुसतंच 'चालतंय ना, चालू दे' म्हणत गेला, तर वाचलेले पैसे एका रात्रीत जाऊ शकतात, आणि सोबत ज्यांनी विश्वासानं आपली माहिती दिली त्यांचीही.